हलकी सेमी-ऑटो शिकारी रायफल: निवडायची कशी आणि तयार करायची कशी

हलकी रायफल हवी म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी आधी एकच विचारतो, हलकी कशासाठी? दिवसभर खांद्यावर घेऊन डोंगर चढायचा असेल तर ३ किलो आणि ४ किलोतला फरक संध्याकाळपर्यंत पाठीला बरोब्बर कळतो, पण मचाणावर बसून वाट बघायची असेल तर तोच फरक उलटा अंगावर येतो, कारण हलकी रायफल हातात जास्त हलते, खांद्याला जास्त धक्का देते आणि तिची बारीक नळी लवकर तापते. म्हणून हा लेख पूर्ण वाचा आणि मगच पैसे काढा. माझं म्हणणं थोडक्यात असं की वजन कमी करायचं तर ते वर लावलेल्या सामानातून करा, नळी आणि भरवसा यातून नको.

आधी एक गोष्ट क्लिअर करू. सेमी-ऑटो म्हणजे चाप एकदा दाबला की एकच गोळी सुटते, रिकामं काडतूस आपोआप बाहेर पडतं आणि पुढचं चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकातली काडतुसाची जागा) बसतं, पण पुढची गोळी सोडायला चाप सोडून परत दाबावाच लागतो. ही काही नवीन भानगड नाही, रेमिंग्टनची मॉडेल ८ ही रायफल १९०६ च्या सुमारास बाजारात होती आणि ती शिकारीसाठीच विकली जायची. नवख्यांना वाटतं भराभर गोळ्या मारता येतात म्हणून लोक सेमी-ऑटो घेतात. तसं नाहीये. खरा फायदा हा की पहिली गोळी थोडी चुकली आणि जनावर जखमी झालं तर गाल स्टॉकवरून (खांद्याला लावायचा दांडा) न उचलता, नजर स्कोपमधून (नेमाची दुर्बीण) न काढता दुसरी गोळी लगेच मारता येते आणि जनावर तडफडत पळून जात नाही. दुसरा फायदा धक्क्याचा, त्याचं पुढे सांगतो.

पायरी ० : कायदा, आणि हे खरंच पहिलं

मॉडेल बघायच्या आधी तुम्ही जिथे शिकार करणार तिथला नियम बघा, कारण सेमी-ऑटोवर जगभर फार वेगवेगळे नियम आहेत. काही देशांत शिकारच बंद आहे, तिथे विषय संपला. ब्रिटनमध्ये १९८८ पासून सेंटरफायर (बुडाच्या मधोमध पेटणाऱ्या काडतुसाची) सेमी-ऑटो सामान्य माणसाला मिळत नाही, फक्त .२२ रिमफायर (बुडाच्या कडेला पेटणाऱ्या छोट्या काडतुसाची) मिळते. ऑस्ट्रेलियात १९९६ नंतर सेमी-ऑटोवर कडक बंधनं आली, न्यूझीलंडने २०१९ मध्ये बहुतेक सेमी-ऑटो बंद केल्या. युरोपात १९७९ च्या बर्न करारात दोनपेक्षा जास्त काडतुसं मावणारं मॅगझिन (काडतुसांची पेटी) असलेली सेमी-ऑटो शिकारीसाठी नको असं आहे, त्यामुळे तिकडच्या शिकारी मॉडेलमध्ये मॅगझिनमध्ये दोन आणि चेंबरमध्ये एक एवढंच दिसतं. अमेरिकेत राज्य बदललं की नियम बदलतो, एकीकडे चालतं ते शेजारी चालत नाही.

गोळीचंही तसंच. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी चालत नाही, डेन्मार्कमध्ये एप्रिल २०२४ पासून रायफलच्या शिशाच्या गोळ्या बंद आहेत. म्हणजे उद्या तुम्हाला तांब्याचीच गोळी वापरावी लागणार असेल तर रायफल निवडतानाच ते डोक्यात हवं, का ते काडतुसाच्या भागात येईल. लायसन्स, सीझन, किती काडतुसांचं मॅगझिन, कुठलं कॅलिबर (गोळीची जाडी) कुठल्या जनावराला, हे सगळं कागदावर लिहून काढा आणि तो कागद घेऊनच दुकानात जा.

पायरी १ : आतलं मशीन समजून घ्या

बहुतेक शिकारी सेमी-ऑटो गॅसवर चालतात. गोळी नळीतून पुढे जाताना नळीला असलेल्या एका बारीक भोकातून थोडा गॅस बाजूला निघतो, तो एका पिस्टनला मागे ढकलतो, पिस्टन बोल्टला (चेंबर मागून बंद करणारा तुकडा) ढकलतो, बोल्ट फिरून अनलॉक होतो, रिकामं काडतूस काढून बाहेर फेकतो, हॅमर (घोडा) परत ताणतो आणि स्प्रिंगच्या जोराने पुढे येताना मॅगझिनमधलं नवीन काडतूस ढकलत चेंबरमध्ये नेतो. एआर-१५ घराण्यातल्या बऱ्याच रायफलमध्ये नळीजवळ पिस्टन नसतो, गॅस एका बारीक ट्यूबमधून थेट बोल्ट कॅरियरमध्ये येतो, त्याने वजन वाचतं पण काजळी आत येते.

हे समजलं की दोन गोष्टी आपोआप कळतात. एक, हे मशीन काडतुसाच्या ताकदीवर चालतं, म्हणून काडतूस बदललं की मशीनचा मूडही बदलू शकतो. दोन, धक्का एका फटक्यात न येता थोडा लांबतो, म्हणून तेच काडतूस बोल्ट-अ‍ॅक्शनपेक्षा (हाताने बोल्ट ओढून भरायची रायफल) सेमी-ऑटोत मऊ वाटतं.

शिकारी लोकांच्या ओळखीची नावं सांगायची तर ब्राउनिंगची बीएआर १९६७ पासून आहे, सात लगचा (लॉक होणारे दात) फिरता बोल्ट आणि गॅस पिस्टन (पहिल्या महायुद्धातल्या बीएआर मशीनगनशी हिचं नाव तेवढं सारखं, मशीन पूर्ण वेगळं, नवीन लोक दरवेळी गोंधळतात). बेनेलीची आर१ आहे, तिचा पिस्टन आखूड आणि चेंबरच्या जवळ. एआर-१० च्या (एआर-१५ चं मोठ्या काडतुसाचं भावंड) जातीतल्या .३०८ रायफल पूर्वी बहुतेक जड असायच्या, ४ किलोच्या पुढे, पण रुगरने २०२२ मध्ये एसएफएआर आणली, ती .३०८ असूनही साधारण ३.१ किलोची आहे, म्हणजे हलक्या वजनाची शर्यत आता इकडेही आलीय. आणि लहान प्राण्यांसाठी किंवा नुसतं शिकायला .२२ ची रुगर १०/२२ आहे, १९६४ पासून, वजन सव्वादोन किलोच्या आसपास. मला विचाराल तर पहिली सेमी-ऑटो म्हणून .२२ घेऊन एक वर्ष काढणारा माणूस पुढे मोठी रायफल फार चांगली चालवतो, पण ज्यांना थेट हरणाच्या शिकारीची रायफल हवी त्यांच्यासाठी पुढे जातो.

पायरी २ : वजनाचा हिशोब नीट करा

कॅटलॉगमध्ये लिहिलेलं वजन रिकाम्या, नागड्या रायफलचं असतं. त्यावर स्कोप ३०० ते ५०० ग्रॅम, रिंग आणि बेस (स्कोप रायफलला धरून ठेवणारे भाग) १०० ते २०० ग्रॅम, भरलेलं मॅगझिन, पट्टा, असं करत ३.१ किलोची रायफल बघता बघता ४ किलोला टेकते. आणि लोक काय करतात, वजन कमी म्हणून बारीक नळीची रायफल घेतात आणि वर ७०० ग्रॅमचा भलामोठा स्कोप चढवतात, मग रायफल वरून जड होते, हातात डुलते, म्हणजे पैसेही गेले आणि फायदाही गेला.

धक्क्याचं गणित साधं आहे. काडतूस तेच असेल तर रायफलचं वजन जेवढ्या पटीने कमी तेवढ्या पटीने धक्क्याची एनर्जी जास्त. ३.६ किलोच्या जागी २.९ किलो केलं तर खांद्यावर जवळजवळ पाव पट जास्त. सेमी-ऑटो त्यातलं थोडं खाऊन टाकते पण सगळं नाही. धक्क्याला घाबरणारा माणूस चाप दाबायच्या आधी डोळे मिटतो आणि खांदा पुढे ढकलतो, ही सवय एकदा लागली की मोडायला फार वेळ लागतो.

माझं मत, स्कोपसकट आणि मॅगझिन भरून ३.६ ते ४ किलो हा चालणाऱ्या माणसासाठी चांगला मध्य आहे. त्याखाली जायचं असेल तर छोटं काडतूस घ्या.

नळीची लांबी. १६ इंची नळी झाडीत सोपी पडते पण आवाज आणि ज्वाळा जास्त, आणि .३०८ सारख्या काडतुसात एका इंचाला साधारण ६ ते ८ मीटर प्रति सेकंद वेग जातो. १८ ते २० इंच मला सगळ्यात ठीक वाटतं. जाडीबद्दल एवढंच की अगदी पेन्सिलसारखी नळी नको. शिकारीत एक-दोन गोळ्यांच्या वर कुणी मारत नाही हे खरं, पण झिरो करताना (नेम आणि गोळी एका जागी जुळवताना) आणि प्रॅक्टिसला तुम्हीच रडकुंडीला येता.

पायरी ३ : काडतूस

हरणाएवढ्या जनावराला .२४३ विंचेस्टर (१९५५), ६.५ क्रीडमूर (२००७), ७ मिमी-०८ (१९८०) आणि .३०८ विंचेस्टर (१९५२) ही चार नावं पुरेशी आहेत. धक्का सगळ्यात कमी .२४३ चा आणि सगळ्यात जास्त .३०८ चा. रानडुक्कर किंवा त्याहून मोठं जनावर असेल तर .३०८ किंवा .३०-०६. हलक्या सेमी-ऑटोत मॅग्नम (जास्त ताकदीचं) काडतूस नवख्याने घेऊ नये, असं मी स्पष्ट सांगतो. .२२३ बऱ्याच ठिकाणी हरणाला कायद्यानेच चालत नाही आणि जिथे चालतं तिथेही नवख्याच्या हातात ते जनावरावर अन्याय करतं, गोळी लहान, चुकीला जागा कमी. एआर-१५ च्या साईजमध्येच राहायचं असेल तर ६.५ ग्रेंडेल किंवा जवळच्या अंतरासाठी .३५० लेजंड बघा.

आता जीवाशी असलेलं बोलतो. .३०० ब्लॅकआउटचं काडतूस .२२३ च्या रायफलच्या मॅगझिनमध्ये बसतं, आणि काही वेळा चेंबरमध्येही शिरतं. मग चाप दाबला की जाड गोळी बारीक नळीत जायला बघते आणि रायफल हातातच फुटते. दोन्ही रायफल घरात असतील तर मॅगझिनला वेगवेगळ्या रंगाची टेप लावा, काडतुसाचे डबे वेगळे ठेवा, आणि रेंजवर जाताना एका वेळी एकच रायफल न्या. तसंच .२२३ च्या चेंबरमध्ये ५.५६ चं मिलिटरी काडतूस घालू नका, प्रेशर वाढतं. नळीवर काय कोरलंय ते वाचा, दुकानदार काय म्हणाला ते नाही.

गोळीचा प्रकार. बाँडेड (आवरण आणि शिसं एकमेकांना घट्ट चिकटवलेली) किंवा पूर्ण तांब्याची गोळी फुटून तुकडे न होता उमलते आणि आरपार जाते, म्हणजे मांस कमी खराब होतं आणि रक्ताचा माग मिळतो. पण तांबं शिशापेक्षा हलकं असल्यामुळे त्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते, आणि लांब गोळीला जास्त फिरकी लागते. म्हणून नळीचा ट्विस्ट (किती इंचांत गोळी एक फेरा घेते) बघा, ६.५ क्रीडमूरला १:८ चालतो, .३०८ ला १:१० असेल तर बरं. उघड्या शिशाच्या मऊ टोकाची गोळी सेमी-ऑटोत मॅगझिनवरून वर चढताना आपटून चेपते, प्लास्टिकचं टोक असेल तर हा त्रास कमी.

घरी काडतूस भरणारे मित्र म्हणतील आम्ही भरून देतो. पहिल्या वर्षी नको म्हणा. सेमी-ऑटोत केस (काडतुसाचं कवच) पूर्ण साईज झालेली, म्हणजे दाबून परत मूळ मापाला आणलेली लागते, प्रायमर (बुडाची ठिणगी देणारी टिकली) कडक आणि खोल बसलेला लागतो, नाहीतर बोल्ट पुढे आपटल्यावर चाप न दाबताच गोळी सुटू शकते. फॅक्टरीचं काडतूस घ्या.

पायरी ४ : अंगाला बसते का

रायफल रिकामी आहे हे स्वतः तपासून, सुरक्षित दिशेला तोंड करून, डोळे मिटा, खांद्याला लावा, गाल ठेवा आणि मग डोळे उघडा. स्कोपमधून पूर्ण गोल दिसला तर बसतेय. काळी कड एका बाजूला दिसली तर स्टॉक लांब, आखूड, उंच किंवा खाली आहे. हे ज्या जॅकेटवर शिकार करणार ते घालून करा, टी-शर्टवर बरोबर वाटलेली रायफल थंडीच्या जाड कपड्यावर लांब होते. बऱ्याच शिकारी सेमी-ऑटोसोबत पातळ चकत्या येतात, स्टॉक आणि बॉडीच्या मध्ये घालून लांबी आणि उतार बदलता येतो, लोक त्या डब्यातच ठेवून देतात. वापरा त्या.

सेफ्टी हातमोजा घालून चालते का, मॅगझिनचं बटण थंड बोटांना सापडतं का, बोल्टची मूठ पूर्ण मागे ओढता येते का, एवढं बघा. डावखुऱ्यांनी एक जास्तीचं बघावं, रिकामं काडतूस उजवीकडे उडतं आणि काही रायफलमध्ये ते तोंडासमोरून जातं.

चाप सेमी-ऑटोत थोडा जड असतो, दोन ते अडीच किलोचा. त्याला हलका करायला घरी स्प्रिंग कापणं, घासणं हे बिलकुल करू नका, कारण सेमी-ऑटोत बोल्ट दर वेळी जोरात आपटतो आणि हलकी केलेली पकड त्या हादऱ्याने सुटू शकते. जड वाटत असेल तर बंदुकीच्या कारागिराकडे न्या.

पायरी ५ : स्कोप बसवणे

इथे वेळ घालवा, कारण "रायफल चुकते" म्हणून आलेल्या रायफलमध्ये मी स्वतः बघितलेलं दुखणं जास्त करून ढिल्या स्क्रूचंच निघालं.

स्कोप छोटा घ्या. झाडीत आणि १५० मीटरच्या आत १-६ किंवा २-७ (म्हणजे १ ते ६, २ ते ७ पट झूम) पुरतो, उघड्या मैदानात ३-९x४०. कमी झूम महत्त्वाचा आहे, जास्त नाही, कारण जवळचं जनावर ९ पट झूममध्ये नुसता केसांचा ढग दिसतो.

बेस आणि रिंग रायफलच्या मॉडेलच्याच घ्या. स्क्रूची भोकं आणि स्क्रू थोड्या स्पिरिटने पुसून तेल काढा, बेसच्या स्क्रूला निळ्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू ढिला होऊ न देणारा गोंद) एक थेंब द्या, आणि टॉर्क रेंचने कंपनीने सांगितलेला टॉर्क द्या. रिंगच्या वरच्या स्क्रूला साधारण १५ ते १८ इंच-पाउंड असतो, म्हणजे २ न्यूटन-मीटरच्या आसपासच. हाताने "अजून थोडं" करत करत लोक स्कोपची ट्यूब चेपतात आणि मग नॉब फिरवला तरी आतली काच हलत नाही.

सगळे स्क्रू अर्धवट असताना स्कोप मागेपुढे सरकवून डोळ्याचं अंतर लावा. उभं राहून, मग बसून, मग झोपून. झोपून लावलेला स्कोप उभं राहिल्यावर लांब वाटतो, आणि उभं राहून अगदी जवळ लावलेला झोपल्यावर भुवई फोडतो, म्हणून ९ सेंमीच्या आसपास मधलं अंतर पकडा. आडवी रेघ लेव्हल करा, स्क्रू तिरप्या क्रमाने थोडे थोडे आवळा आणि शेवटी प्रत्येक स्क्रूवर नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरलाय हे लगेच कळतं. सेमी-ऑटोत हे जास्त गरजेचं आहे, कारण स्कोपला एक हादरा गोळी सुटताना बसतो आणि दुसरा बोल्ट पुढे आपटताना उलट दिशेने बसतो.

पट्ट्याची कडी नळीला जोडलेली असेल तर नेम धरताना पट्टा हाताला गुंडाळून ताणू नका, बारीक नळी थोडी वाकते आणि गोळी सरकते. फोरएंडला (नळीखालचा हात धरायचा भाग) असेल तरी एकदा पट्टा ताणून रेंजवर मारून बघा, फरक पडतो का ते कागद सांगेल.

पायरी ६ : झिरो

कानाला मफ आणि आत प्लग, दोन्ही. रायफलचा आवाज १५० डेसिबलच्या वर जातो, १४० च्या पुढे एकच आवाज कायमचा कान बिघडवायला पुरे. डोळ्याला चष्मा, शेजारी बसलेल्यालाही.

बोल्ट-अ‍ॅक्शनमध्ये बोल्ट काढून नळीतून आरपार बघून स्कोप जुळवतात. बीएआरसारख्या बंद बॉडीच्या रायफलमध्ये ते जमत नाही (एआर मध्ये वरचा भाग वेगळा करून जमतं), म्हणून पहिली गोळी २५ मीटरवर मोठ्या कागदावर मारा. २५ वर मधोमध आणू नका. .३०८ च्या वर्गातलं काडतूस १०० मीटरला झिरो हवं असेल तर साध्या, खाली बसलेल्या स्कोपला गोळी २५ वर साधारण दीड सेंमी खाली लागायला हवी, आणि एआर सारख्या उंच स्कोपला साडेतीन सेंमीच्या आसपास खाली. कारण स्कोप नळीच्या वर असतो आणि गोळीला अजून वर चढायचं असतं.

मग १०० मीटर. पुढे आणि मागे दोन्हीकडे वाळूच्या पिशव्या, फोरएंड पिशवीवर ठेवायचा, नळी नाही. तीन गोळ्या मारा, तिघींचा मध्य बघा आणि मगच नॉब फिरवा. एमओए आणि मिल ही कोन मोजायची मापं आहेत, पाव एमओएच्या स्कोपला नॉबचा एक क्लिक म्हणजे १०० मीटरवर ७ मिमी, ०.१ मिलच्या स्कोपला १ सेंमी. २५ मीटरवर तेच क्लिक पाव होतात, हे विसरून लोक गोल गोल फिरत बसतात.

मी पहिल्या वर्षी बारीक नळीच्या रायफलवर १०-१२ गोळ्या सलग मारल्या, गोळ्या वर सरकत होत्या आणि मी प्रत्येक वेळी नॉब खाली करत गेलो. दुसऱ्या दिवशी थंड नळीने पहिली गोळी मारली तर चांगली हातभर नाही पण वीतभर खाली. नळी तापून वाकत होती आणि मी तापलेल्या नळीला झिरो केलं होतं. तेव्हापासून तीन गोळ्या मारल्या की रायफल बोल्ट उघडून उभी ठेवतो आणि दहा मिनिटं लांब जातो. सेमी-ऑटोत बोट आपोआप चौथी गोळी मारायला जातं, म्हणून मॅगझिनमध्ये तीनच भरा.

तीन वेगवेगळी काडतुसं आणा, ज्याचा गट (गोळ्यांच्या भोकांचा पुंजका) सगळ्यात लहान तेच ठेवा आणि त्याच लॉटचे पाच-सहा डबे एकदम घ्या. हलक्या सेमी-ऑटोकडून १०० मीटरवर ४ ते ६ सेंमीचा गट मिळाला तर समाधानी राहा. हरणाचा छातीतला नेमाचा भाग साधारण २० सेंमीचा असतो. नाण्याएवढा गट शोधत महिने घालवण्यापेक्षा गुडघ्यावर बसून, झाडाला टेकून, उभ्याने मारायची प्रॅक्टिस करा, कारण जंगलात वाळूच्या पिशव्या नसतात. १०० ला झिरो असलेली .३०८ २०० मीटरवर साधारण १० सेंमी खाली लागते, हे कागदावर मारून स्वतः खात्री करा. नवख्याने पहिल्या सीझनला १५० च्या पुढे मारूच नये असं मला वाटतं.

पायरी ७ : भरवसा तपासा

ज्या काडतुसाने शिकार करणार त्याच्या किमान ६०-८० गोळ्या, सगळी मॅगझिनं आलटून पालटून वापरत, न अडकता गेल्या पाहिजेत. अडकली तर कुठलं मॅगझिन होतं ते लिहा, बऱ्याचदा दोष मॅगझिनचाच असतो.

चाप दाबला आणि नुसतं "टक" झालं तर तोंड निशाणाकडेच ठेवा, ३० सेकंद थांबा आणि मग बोल्ट ओढा, कधी कधी काडतूस उशिरा पेटतं. आवाज नेहमीपेक्षा फुसका आला तर तिथेच थांबा, गोळी नळीत अडकलेली असू शकते, दुसरी मारली तर नळी फुटते. मॅगझिन काढा, रिकामी करा, नळीतून उजेड दिसतो का बघा.

पायरी ८ : भरणं आणि रिकामी करणं

हे पाठ करा, झोपेत विचारलं तरी सांगता आलं पाहिजे. रिकामी करताना क्रम असा: तोंड सुरक्षित दिशेला, बोट चापाच्या बाहेर, आधी मॅगझिन काढा, मग बोल्ट मागे ओढून काडतूस बाहेर काढा, बोल्ट मागेच अडकवा, चेंबरमध्ये डोळ्याने बघा आणि करंगळी घालून बघा. क्रम उलटा केला, म्हणजे आधी बोल्ट ओढला आणि नंतर मॅगझिन काढलं, तर बोल्टने पुढे येताना दुसरं काडतूस चेंबरमध्ये नेलेलं असतं आणि तुम्हाला वाटतं रायफल रिकामी आहे. मॅगझिन हातात आहे म्हणजे बंदूक रिकामी, हा समज अतिशय घातक आहे.

भरताना बोल्ट पूर्ण मागे ओढा आणि सोडून द्या, जोराने जाऊ द्या. आवाज होईल म्हणून हाताने हळूहळू पुढे नेला तर तो पूर्ण लॉक होईलच असं नाही. माझं पहिलं हरीण असंच गेलं, पहाटे शांततेत हळूच बोल्ट लावला आणि दोन तासांनी चाप दाबला तर काहीच झालं नाही. गाडीपासून थोडं दूर, प्रकाश व्हायच्या आधी, एकदाच जोरात भरा आणि बोल्ट बंद झालाय हे बोटाने चाचपा. तेच काडतूस रोज काढून रोज घालू नका, प्रत्येक वेळी गोळी केसमध्ये थोडी आत ढकलली जाते आणि एआर जातीत फायरिंग पिनचा (प्रायमरवर आपटणारी सुई) बारीक ठिपका प्रायमरवर उमटतो. दोन-तीन वेळा झालं की ते काडतूस रेंजसाठी बाजूला काढा.

सेफ्टी बहुतेक मॉडेलमध्ये फक्त चाप अडवते, म्हणून कुंपण ओलांडताना, मचाणावर चढताना, गाडीत बसताना रायफल पूर्ण रिकामी. मचाणावर रायफल दोरीने वर ओढायची, रिकामी, तोंड खाली. आणि जनावराच्या मागे काय आहे ते दिसत नसेल तर चापाला बोट लावायचं नाही, .३०८ ची गोळी ४ किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. सेमी-ऑटोत दुसरी गोळी घाईने मारताना जनावर पळत असतं आणि मागचं दृश्य बदललेलं असतं, तिथेच लोक चुकतात. दुसरी गोळीही पहिलीइतकीच बघून मारायची.

पायरी ९ : साफसफाई

बोल्ट-अ‍ॅक्शनवाल्याचं वर्षातून दोनदा पुसून भागतं, तुमचं नाही भागणार. गॅस पिस्टन आणि त्याचा सिलेंडर, बोल्टचं तोंड, एक्स्ट्रॅक्टरचा (रिकामं काडतूस ओढून काढणारा) हूक, चेंबर, ही चार ठिकाणं. चेंबरला वेगळा ब्रश लागतो, तिथे काजळी राहिली की रिकामं काडतूस चिकटतं. बंद बॉडीच्या रायफलची नळी मागून साफ करता येत नाही, म्हणून दोरीचा पुलथ्रू वापरा, चेंबरकडून टाकून तोंडाकडे ओढायचा. रॉड तोंडातून घालणार असाल तर गाईड लावा, नळीच्या तोंडाची कड घासली गेली की नेम गेलाच.

तेल कमी. पिस्टन बऱ्याच रायफलमध्ये कोरडाच ठेवायचा असतो, मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. कडक थंडीत जाड तेल डिंकासारखं होतं आणि बोल्ट सुस्तावतो. थंडीतून गरम खोलीत आणलेल्या रायफलवर आत-बाहेर पाणी धरतं, म्हणून ती लगेच केसमध्ये बंद करू नका, तासभर उघडी ठेवा, पुसा, मग कुलपात, आणि काडतुसं वेगळ्या कुलपात. साफ केल्यावर पहिली गोळी कधी कधी थोडी वेगळी लागते, म्हणून सीझनच्या आधीची साफसफाई झाली की रेंजवर दोन-तीन गोळ्या मारून, नेलपॉलिशच्या रेघा बघून, मगच रायफल जंगलात न्या.